पथारीवरची मावशी

मिरचीचा हंगाम लागला की नंदुरबारच्या भोवतालच्या पथाऱ्या लाल होतात. ओली मिरची मैदानात पसरायची, रोज खालवर करायची, डागी मिरची वेचून काढायची. अशाच एका पथारीवर मावशी कितीतरी वर्षं काम करत होती. डागी मिरची तिच्या नजरेतून सुटत नसे.

नवरा एड्सने गेला, त्याच साली तिलाही एचआयव्ही निघाला. सरकारी दवाखान्यात २००४पासून एचआयव्हीवरची औषधं फुकट मिळू लागली, म्हणून ती तगली. रात्री जेवण झालं की गोळी, सण असो की लग्न. विषाणू इतका दबला की तपासणीत सापडेना. पथारीवर मात्र कुणाला पत्ता नव्हता.

एका हंगामात धडगावकडची एक गरोदर पोर कामाला आली. दवाखान्यात तिला एचआयव्ही निघाला आणि घाबरून ती पुन्हा तिकडे फिरकलीच नाही. सोबत गेलेल्या बाईच्या तोंडून गोष्ट फुटली. पोरीचा पाण्याचा गलास वेगळा झाला. मुकादम म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

आजारावरून असं कामावरून काढायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे. पण पथारीवर तो कायदा कोणाला ठाऊक? मावशी गप्प राहिली असती तरी मी तिला बोल लावला नसता. पोट सगळ्यांनाच आहे. पण ती उठली, पोरीच्याच गलासातून पाणी प्यायली.

"हिला काढायचं तर मलाही काढा. मला हाच आजार आहे. इतकी वर्षं माझ्या हातची भाकर खाताय, झालं कुणाला काही?"

दोघी-तिघी दूर सरकल्या, महिनाभर दूरच बसल्या. मुकादमाने मात्र दोघींनाही ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी मावशी पोरीला ही औषधं मिळतात त्या एआरटी केंद्रावर घेऊन गेली. डॉक्टरांनी समजावलं: गोळी आजपासून, रोज, बाळंतपण दवाखान्यातच, बाळालाही औषध. एवढं पाळलं तर बाळ लागणीपासून बहुतेक वाचतं. तिने सगळं पाळलं. अठरा महिन्यांनी बाळाची शेवटची तपासणी झाली. एचआयव्ही नव्हता.

त्या हंगामात पोरीने भर पथारीवर आवाज दिला, "मुकादम, सोमवारी आमच्या दोघींचा खाडा. गोळ्या आणायच्या आहेत."

"जाऊन या. पण मंगळवारी लवकर या, माल खूप पडलाय."