दोष कृतीचा की परिणामाचा?



फेडरेशन चषक ही देशातल्या फुटबॉल क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा १९७७ साली सुरू झाली आणि २०१७ नंतर बंद पडली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात क्रिकेट-कबड्डीपुढे फुटबॉलला विचारतो कोण! तरीही २००४ च्या हंगामाचा शेवट आम्हाला विसरता येत नाही.

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला अंतिम सामना होता. गोव्याचा डेम्पो आणि कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पोचा पहिला गोल ब्राझीलच्या २५ वर्षांच्या क्रिस्तियानो ज्युनियरने केला. दुसऱ्यासाठी तो धावला, तेव्हा १७ वर्षांचा गोलरक्षक सुब्रत पाल पुढे झेपावला. चेंडू जाळ्यात गेला, दोघांची टक्कर झाली आणि क्रिस्तियानो कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. डेम्पोने २-० ने चषक जिंकला.

लोकांचा रोष पालवर गेला. महासंघाने त्याच्यावर काही काळ बंदीही घातली. पण गोलरक्षक असे झेपावतातच. अंतिम सामन्यात तर हमखास. क्रिस्तियानो गुडघे झटकत उठला असता, तर त्याच झेपेला आपण धाडस म्हटले असते, फार तर फाउल. मग आपण न्याय करतो तो कशाचा? पापाला जाणीव आणि संमती लागते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. जीव घेण्याचे त्या पोराच्या मनातही नसणार. म्हणून 'देवाची इच्छा' म्हणून हात झटकावेत, हेही आम्हाला पटत नाही. मैदानावर वैद्यकीय मदत अपुरी होती, अशी टीका तेव्हा झाली. ती उणीव शिट्टी वाजण्याआधीपासूनच होती. कोणी पडले नव्हते, म्हणून ती दिसली नाही.

आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, काहींना मागे लाल दिवाही नसतो. शंभर रात्री काही होत नाही, आपणही बाजूने निघून जातो. एका रात्री मोटारसायकल आदळते आणि सारे गाव ड्रायव्हरला शोधत सुटते. त्याची चूक पहिल्या रात्रीही तेवढीच होती. गाडीमालकाची होती, आणि बघून गप्प बसणाऱ्या आपलीही थोडी होतीच.

डेम्पोने क्रिस्तियानोच्या सन्मानार्थ १० क्रमांकाची जर्सी बाजूला ठेवली. पाल पुढे २०११ च्या आशियाई चषकात भारताचा गोलरक्षक होता; २०१६ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. दोन्ही गोष्टी आम्हाला योग्यच वाटतात.