एका गुणाचा प्रश्न

जागतिक इतिहासावरची प्रश्नमंजूषा असली की हिरोशिमा येतेच, आणि प्रश्नही ठरलेले असतात. अणुबाँब कोणत्या तारखेला पडला? ६ ऑगस्ट १९४५. बाँबचे टोपणनाव काय? लिटल बॉय. तो वाहून नेणारे विमान? इनोला गे. आणखी अवघड प्रश्न हवा असेल, तर विमानाला हे नाव कोणावरून दिले, असे विचारतात. वैमानिक पॉल टिबेट्स यांच्या आईवरून. मी गेली काही वर्षे शाळा-महाविद्यालयांसाठी असे प्रश्न काढते. या शेवटच्या उत्तराला हमखास टाळी मिळते.

ती टाळी मला अस्वस्थ करते. त्या स्फोटाने १९४५ संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसांचा जीव घेतला. आपल्याला बाँबचे नाव ठाऊक आहे, विमानाचे आहे, वैमानिकाच्या आईचेही आहे. मेलेल्यांपैकी फार तर सदाको ससाकी आठवते, आणि कागदाचे क्रौंच पक्षी घडवणारी ती मुलगी गेली १९५५ साली. त्या सकाळी गेलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्यातले किती जण सांगू शकतील? ही केवळ स्मरणशक्तीची उणीव आहे, की आपण ज्याला सामान्यज्ञान म्हणतो त्याची घडणच तशी आहे?

मला वाटते, घडणच तशी आहे. प्रश्नाला एकच आणि वादातीत उत्तर हवे, ही प्रश्नमंजूषेची पहिली अट. त्यासाठी नाव लागते, तारीख लागते, आकडा लागतो. ज्याने हुकूम दिला, ज्याने यंत्र बनवले, ज्याने विमान उडवले, त्यांची नावे कागदोपत्री ठळक असतात. करणारे मोजके, सोसणारे असंख्य. ‘कोणी केले’ हे एका शब्दात सांगता येते; ‘कोणावर ओढवले’ असे विचारले की उत्तर लांबत जाते. म्हणून तो प्रश्न सहसा कोणी काढत नाही.

आणि काढलाच, तरी उत्तर आखूड करण्याचा मोह होतो. हिरोशिमात कोण मेले? ‘जपानी लोक’ असे लिहिले की गुण मिळेल. पण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. त्या दिवशी शहरात हजारो कोरियन होते, त्यांतल्या कित्येकांना सक्तीने मजुरीला आणलेले होते. तेही हजारोंनी मेले. त्यांचे स्मारक १९७० साली उभे राहिले ते शांतता उद्यानाच्या बाहेर. ते आत यायला १९९९ उजाडले.

तरीही सनावळ्यांची टिंगल मला पटत नाही. घडलेले घडलेच नाही असे ठासून सांगणारे लोक कमी नाहीत. त्यांच्यापुढे उभे राहताना तारीख, ठिकाण आणि आकडा हाताशी असावेच लागतात. शिवाय या खेळात एक न्याय आहे. वाचनालयातले फाटके पुस्तक वाचून आलेली मुलगी आणि महागड्या शाळेतला मुलगा, दोघांचे उत्तर एकाच मापाने मोजले जाते. मतांच्या स्पर्धेत तसे होईलच याची खात्री मी देणार नाही. म्हणून एका शब्दाच्या उत्तराची अट मी सोडू इच्छित नाही. त्या अटीत राहून सोसणाऱ्यांपर्यंत जाता येते का, एवढेच मला पाहायचे असते.

हिरोशिमाच्या शांतता उद्यानात स्मारकाच्या कमानीखाली एक दगडी पेटी आहे. तिच्यात मृतांच्या नामावलीच्या वह्या आहेत. दरवर्षी ६ ऑगस्टला, त्या वर्षभरात मृत्यू नोंदला गेलेल्या बाँबपीडितांची नावे त्यांत वाढतात. नावे आता तीन लाखांच्या पुढे गेली आहेत. म्हणजे ‘किती मेले’ याचे उत्तर तिथे अजून लिहून संपलेले नाही. त्या वह्यांपैकी एकीत कोणाचेच नाव नाही.

ती वही कोणासाठी आहे, हा प्रश्न मी आता इतरांच्या रांगेत घालते. उत्तर एकच आहे, वादातीत आहे: ज्यांची नावे कळलीच नाहीत, त्यांच्यासाठी. गुण एकच. असा प्रश्न काढायला खेळाचा एकही नियम मोडावा लागत नाही. प्रश्न लिहिताना आपण विमानात बसलो आहोत की जमिनीवर उभे आहोत, एवढे मात्र ठरवावे लागते.