मेद आणि मांस

महाभारताच्या वनपर्वातील शिबी राजाची कथा ज्याने ऐकली नाही असा मराठी वाचक विरळा. ससाण्याच्या भयाने अंकावर येऊन पडलेल्या कपोताला राजाने अभय दिले. परंतु त्या अभयापायी ससाण्याचे न्याय्य भक्ष्य हिरावले जाऊ नये, म्हणून त्याने तुळा मागवून एका पारड्यात कपोताला बसविले आणि दुसऱ्यात आपल्या मांडीचे मांस कापून घालण्यास आरंभ केला. कपोत जड होत गेला, राजा कापीत गेला, आणि मांस पुरेना तेव्हा तो स्वतःच पारड्यात चढला. त्या तुळेत कोणासाठी काय दिले गेले याचे मोजमाप होते. आजच्या सुशिक्षित घरांतून जो वजनकाटा ठेवलेला असतो, तो यांपैकी काहीच मोजीत नाही. त्यावर उभ्या राहणाऱ्याचे पाच किलो उतरले एवढे तो सांगतो, पण ते पाच किलो साठलेल्या मेदाचे की राबणाऱ्या मांसाचे, हे सांगण्याची त्याला शक्ती नाही. आणि ज्या गृहस्थाने भूतदयेपोटी प्राण्यांचे मांस ताटातून जवळजवळ वर्ज्य केले आहे, त्यानेच अन्न कमी करण्याच्या भरात, कोणत्याही कपोताचा जीव न वाचविता, स्वतःच्या मांडीचे मांस झिजवून टाकावे, यात अहिंसा कोठे राहिली, हा प्रश्न मला केवळ आहारशास्त्राचा वाटत नाही. तो धर्माचा वाटतो.

अन्न उणे पडले म्हणजे देह आपल्या साठ्यांवर वसुली काढतो, आणि दुष्काळी सालात सरकारी तगादा जसा सावकाराच्या कोठारावर निघावा तसाच कुणब्याच्या बैलावरही निघत असे, तशी ही वसुली मेदावर निघते आणि मांसावरही निघते. मेद साठवलेला असतो; प्रथिनांचे मात्र रिकामे पडून राहिलेले कोठार देहात नाही, स्नायूंत, रक्तात, पाचक रसांत जे आहे ते सर्व कामास जुंपलेले असते, आणि म्हणून त्यातून जे ओढून घेतले जाते ते कामातूनच ओढले जाते. एकूण अन्न घटवावयाचे असेल तेव्हा प्रथिनांचा वाटा घटविता कामा नये, उलट थोडा वाढवावा, आणि स्नायूंना उठाबशा, जोर, वजन उचलणे असे काही श्रमाचे काम द्यावे, असे शास्त्रज्ञ सांगतात ते याच कारणाने. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली; साठ किलोंच्या माणसाला हे सुमारे ५० ग्रॅम होतात. (मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मात्र आपल्या वैद्यास विचारल्यावाचून हा आकडा वाढवू नये.)

हे ज्ञान नवे आहे, परंतु त्यामागील विवेक नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोघांचाही विचार आहे, आणि तेथे स्थूल मनुष्याविषयी केलेले निदान असे की, त्याच्या देहात मेदाचेच पोषण होते, इतर धातूंचे तसे होत नाही. म्हणजे जाड दिसणारा मनुष्य आतून उपाशी असतो. त्याच्यासाठी सांगितलेल्या आहारात जव आहे, ज्वारी आहे, आणि त्यांच्या जोडीला मूग, कुळीथ आणि तूर आहे. मेद उतरवायला निघालेल्या आचार्यांनी ताटातून डाळ काढली नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्याच अध्यायात, ज्याचे मांस प्रमाणात आहे आणि बांधा सुघटित आहे तो रोगांच्या बळापुढे सहसा नमत नाही, असे म्हणून त्या पुरुषाची प्रशंसा केलेली आहे.

व्रत आणि देह यांचा तंटा आपल्या काळात कोणी प्रामाणिकपणे मांडला असेल तर तो गांधीजींनी. कलकत्त्यात गाई-म्हशींचे अधिक दूध काढण्यासाठी त्यांचा जो छळ होत असे त्याची हकीकत वाचून, आणि ब्रह्मचर्याला दूध बाधक आहे अशा समजुतीने, त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना ते मुख्यतः भुईमुगाच्या दाण्यांचे लोणी आणि लिंबे यांवर राहत असत. त्यातच आमांशाने ते अंथरुणास खिळले. माथेरानला नेऊनही गुण येईना, आणि मुंबईत डॉक्टर दलालांनी स्वच्छ सांगितले की, दूध घेतल्यावाचून हा देह पुन्हा उभा करता येणार नाही. तेव्हा शेळीच्या दुधाला तरी हरकत नसावी, हा मार्ग उशाशी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी सुचविला, कारण व्रत घेताना पतीच्या मनात गाय आणि म्हैस एवढीच होती. गांधीजींनी तो मानला. परंतु व्रताचे अक्षर राखले आणि आत्मा गमावला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत लपविली नाही. दुधाच्या तोडीचा वनस्पतिजन्य पदार्थ ते पुढेही शोधीत राहिले, आणि १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे जे प्रयोग झाले ते या शोधाचेच अंग होते.

गांधीजींच्या सत्यनिष्ठेविषयी मला नितांत आदर आहे, तरीही त्या खोलीत धर्म अधिक स्पष्टपणे कोणाला दिसला असे विचाराल, तर मी कस्तुरबांचे नाव घेईन. जे व्रत पशूच्या वेदनेतून जन्मले, त्या व्रताने अंथरुणावरील मनुष्याच्या वेदनेकडे पाठ फिरविली असती तर ते आपल्याच उगमाशी बेइमान झाले असते. शेळीला क्लेश न देता काढलेले दूध ही पळवाट नव्हती. करुणेच्या कक्षेत व्रत घेणाराही येतो, एवढेच त्या माउलीने आपल्या साध्या वाक्याने दाखवून दिले.

प्रथिनांचे असे मोजमाप करणे हीच देहासक्ती नव्हे काय, असा आक्षेप विरक्त मनाचा वाचक घेईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पिळदार दंडांच्या मोहाने डबेच्या डबे भुकटी रिचविणाऱ्यांना तो लागूही पडतो. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात, दंभाने घोर तप करून देहातील भूतसमूहाला क्षीण करणाऱ्यांचा निश्चय आसुरी म्हटला आहे, आणि तेथे हेही सांगितले आहे की, असे तपस्वी अंतर्यामी वसणाऱ्या भगवंतालाही कष्टवितात. जैनांच्या सल्लेखनेत देह कृश करणे हाच उद्देश असतो, पण ते व्रत आयुष्याच्या अखेरीस, जाणूनबुजून, गुरूच्या अनुज्ञेने घेतले जाते. संसारात राहून, मुलाबाळांचे करीत, चार जिने चढावयाचे असताना जो नकळत क्षीण होतो, त्याने कोणते व्रत पाळले?

आपल्याकडे मांसाहारी म्हणविणाऱ्या घरांतही मांस थोडेच असते: सोमवार, गुरुवार, शनिवार वर्ज्य, चतुर्थी-एकादशी वर्ज्य, सगळा श्रावण वर्ज्य, आणि उरलेल्या वारीही रश्श्याचे पातेले मोठे आणि वाट्याला येणारे तुकडे मोजके. मांस गेले त्या जागी काय आले, हे मात्र कोणी पाहत नाही. उपासाला साबुदाणा येतो, ज्याच्या १०० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमही प्रथिन नाही. त्याची खिचडी तुपात परतून खाणाऱ्याचा मेद वाढतो, आणि ती सोडून नुसत्या काकडीवर राहणाऱ्याचे मांस झडते. वस्तुतः सामग्री घरातच आहे. कोरडी डाळ वा कडधान्य १०० ग्रॅम घेतले तर त्यात वीस-बावीस ग्रॅम प्रथिन असते. तेव्हा दिवसाकाठी ज्वारीच्या दोन भाकरी, पन्नास ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, तेवढ्याच मटकीची उसळ आणि दही-ताक मिळून पाव लिटरभर, एवढ्याने ४५ ग्रॅमच्या आसपास पोहोचता येते. त्यावर एखादे अंडे, माशाची तुकडी किंवा मूठभर सोयाबीन. प्रथिनांच्या घटकांपैकी लायसिन भाकरीत उणे असते ते डाळ पुरविते, आणि डाळीत मिथिओनिन उणे असते ते भाकरी पुरविते. कोकणात मासळी नसलेल्या दिवशी कुळथाची पिठी करणाऱ्या आजीने चरक वाचलेला नव्हता, पण तिची चूल त्याच्याशी एकमत होती. शेंगदाण्यात प्रथिन भरपूर असले तरी त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असते, म्हणून वजन उतरविणाऱ्याने त्याच्यावर सगळा भार टाकू नये.

पण हा सर्व हिशेब ज्या स्त्रीच्या हातून वाढला जातो, तिचेच ताट या हिशेबाबाहेर राहते. दाट उसळ पुरुषांना आणि मुलांना जाते, तळाचे पाणीदार कालवण तिला उरते. आठवड्यातले दोन-तीन उपास तिचेच, आणि उतारवयात गुडघे आणि कंबर धरली की वजन कमी करा हा सल्लाही तिलाच मिळतो. तिचे व्रत तिने सोडावे असे मी म्हणणार नाही; ते तिचे आहे. मात्र त्या दिवशी साबुदाण्याच्या जागी राजगिऱ्याची भाकरी, तिच्याबरोबर वाडगाभर दही आणि थोडी दाण्यांची आमटी तिच्या ताटात असावी, आणि घरातल्या पुरुषांनी ती स्वतः, आपण जेवायला बसण्याच्या आधी, वाढावी.