खोडवा

सर निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या शाळेचा फुटबॉल संघ जिल्ह्याच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. मी फसलो तो तिथंच. मला वाटलं, जमलं आपल्याला.

कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ आहे की पेठेच्या अब्रूचा प्रश्न, हे सांगणं अवघड आहे. ज्या तालमी कुस्तीसाठी उभ्या राहिल्या, त्यांचीच नावं आज शाहू स्टेडियमवर जर्सीच्या पाठीवर दिसतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. भारताकडून २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. अशा गावात शाळेचा संघ हरला, तर त्याची चौकशी शिक्षकांच्या खोलीपुरती राहत नाही. दूधवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, न्हावी तर कात्री थांबवून विचारतो.

मी गणिताचा शिक्षक. मंगळवार पेठेत वाढलो आणि पोरपणी चेंडूमागं धावलो, एवढंच माझं भांडवल. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर सर नियमानं निवृत्त झाले, क्रीडाशिक्षकाची जागा भरली गेली नाही, आणि मुख्याध्यापकांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली. सरांच्या काळात जिल्ह्याचा फिरता करंडक आमच्याकडं इतक्यांदा आला होता, की तो फिरता आहे हे आम्ही विसरलोच होतो.

त्या पहिल्या वर्षीच्या अकरा जणांपैकी नऊ पोरं सहावीपासून सरांच्या हाताखाली वाढलेली. मी छत्री धरून मैदानाच्या कडेला उभा राहायचो आणि "पास दे, पास दे" असं ओरडायचो. पोरं गुणी होती. माझा मान राखून माझ्याकडं दुर्लक्ष करायची. उपांत्य सामना आम्ही एका गोलनं हरलो, तरी शाळेत माझा सत्कार झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. कुणीतरी भाषणात म्हणालं, "सर गेले तरी परंपरा थांबली नाही." मीही मान हलवली.

दुसऱ्या वर्षी ती नऊ पोरं दहावी होऊन गेली. आमच्याकडच्या शालेय स्पर्धा ऐन पावसाळ्यात येतात. घोटाभर चिखलात पहिल्याच फेरीत आम्ही चार गोल खाल्ले. परतताना पोरं बूट हातात घेऊन माझ्यापुढं दहा पावलं चालत होती, आणि ते अंतर चुकून पडलेलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी सतरा वर्षांखालचा संघ कसाबसा उभा केला. चौदा वर्षांखालचा उतरवताच आला नाही. अकरा पोरं जमली नाहीत.

मग गावभर एक वाक्य सुरू झालं : सर असते तर. या वाक्याची गंमत अशी, की त्यात सगळ्यांची सोय होते. पालकांना पोरं सकाळी उठवावी लागत नाहीत, संस्थेला रिकाम्या जागेबद्दल बोलावं लागत नाही, पोरांना हरण्याचं फारसं वाईट वाटून घ्यावं लागत नाही. मलाही ते वाक्य आवडायला लागलं होतं. सरांसारखा माणूस पुन्हा होणे नाही, एवढं म्हटलं की माझ्या पराभवालाही एक प्रतिष्ठा यायची.

ही सोय मोडली ती एका पालक सभेत. आमचा चांगला डावा बॅक जूनपासून मैदानावर यायचा बंद झाला होता. मी त्याच्या आईला कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "थोरल्याच्या येळला सर मे महिन्यात घरी आलते. मी म्हटलं, धावीचं वरीस हाय, आता बास. तर म्हणाले, ताई, साडेसातला पोरगं घरात. नाही आलं तर मला फोन करा. तुम्ही काय आला न्हाईसा."

खरंच, मी गेलो नव्हतो. जायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. खेळाच्या सवलतीच्या गुणांचं परिपत्रक मी सूचना फलकावर लावलं होतं आणि काम झालं असं समजलो होतो. सर त्याच गुणांची गोष्ट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सांगत.

त्यानंतर मी सरांचं न दिसणारं काम शोधत सुटलो. ते संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसायचे, गप्पा मारायला असं आम्ही समजत होतो. तिथं ते पेठेतल्या मोठ्यांकडून शब्द घेत होते, की शाळेची स्पर्धा होईपर्यंत आमच्या पोराला तुमच्या सामन्यात उतरवायचं नाही. दहावीच्या पोरांचे बूट जाताना परत घेऊन ते आठवीच्या पायांना बसवायचे. आणि रविवारी सकाळी पाचवी-सहावीची पोरं जमवून, दोन-दोन दगडांचे गोल करून, शिट्टी न वाजवता नुसता खेळ चालू द्यायचे. हा मला निवृत्तीला आलेल्या माणसाचा विरंगुळा वाटला होता. मोठ्या संघाचा निकाल सुधारावा म्हणून मी रविवार मोठ्यांच्या जादा सरावाला दिला आणि त्या पोरांना सांगितलं, तुम्ही मोठे झाल्यावर या. मोठी ती झालीच, पण फुटबॉलकडं आली नाहीत.

याच सुमारास मी रात्री जागून मोठ्या संघांचे इतिहास वाचायला लागलो. बुडणारा माणूस सोबत शोधतो, तसं ते होतं. मँचेस्टर युनायटेडवर सव्वीस वर्षं राज्य करून, तेरावं लीग विजेतेपद मिळवून अ‍ॅलेक्स फर्ग्युसन २०१३ साली थांबला. वारसदार म्हणून त्यानंच सुचवलेल्या डेव्हिड मॉयसला सहा वर्षांचा करार मिळाला. दहा महिन्यांत त्याला काढलं आणि विजेता संघ सातव्या क्रमांकावर आला. मॉयसनं जुने साहाय्यक बदलले, ही त्याची चूक सगळेच सांगतात. पण गिग्ज, फर्डिनांड, व्हिदिच, एव्हरा यांचं वय झालं होतं आणि स्कोल्स तर फर्ग्युसनबरोबरच थांबला, हे शेवटच्या करंडकाच्या झगमगाटात कुणाच्या नजरेत भरलं नाही.

त्याच क्लबात हे आधीही घडलं होतं. मॅट बझबी १९६९ साली बाजूला झाला आणि त्याच्याच हाताखाली वाढलेल्या विल्फ मॅकगिनेसकडं संघ आला. म्हणजे माणूस घरचाच होता. तरी दीड वर्षात त्याला हटवलं, काही महिन्यांसाठी बझबीला परत बसवलं, आणि १९७४ साली युनायटेड खालच्या श्रेणीत घसरली. अवघ्या सहा वर्षांपूर्वी हा संघ युरोपचा विजेता होता. तेव्हा वारसदार घरचा हवा, एवढ्यानं भागत नाही.

त्याच १९७४ साली लिव्हरपूलमध्ये बिल शँक्लीनं अचानक पद सोडलं आणि बॉब पेझ्ली नावाचा अबोल माणूस पुढं आला. हा १९३९ पासून त्याच क्लबात, आधी खेळाडू, मग खेळाडूंचे पाय चोळणारा, मग प्रशिक्षक. पहिल्या वर्षी हाती काही लागलं नाही. पुढच्या आठ वर्षांत सहा लीग विजेतेपदं आणि तीन युरोपीय करंडक आले. लिव्हरपूलमध्ये बूट ठेवायची एक खोली होती. तिथं साहाय्यक मंडळी रोज बसून आजचा सराव कसा झाला, कोण लंगडतोय, कोणतं पोरगं वर आणायचं, हे बोलत. शँक्ली गेला तरी खोलीतली बैठक मोडली नाही.

शाळेचं उदाहरण मला अमेरिकेत सापडलं. तिथला फुटबॉल वेगळा, हातात चेंडू धरून धडका मारण्याचा. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्ड गावच्या डी ला साल हायस्कूलमध्ये बॉब लाडूसर १९७९ साली आला, तेव्हा त्या शाळेला जिंकण्याची सवयच नव्हती. पुढं १९९२ ते २००४ या काळात त्याच्या पोरांनी सलग १५१ सामने जिंकले. लाडूसर २०१३ च्या सुरुवातीला पायउतार झाला आणि त्याचाच जुना विद्यार्थी व साहाय्यक जस्टिन अलम्बॉ यानं संघ घेतला. लाडूसर त्याच्या हाताखाली साहाय्यक म्हणून थांबला. शाळा जिंकत राहिली.

हे सगळं मनात घोळवत मी जानेवारीत सरांच्या गावी गेलो. खरं तर तक्रार करायला गेलो होतो. ऊसतोड नुकतीच उरकली होती आणि सर कोयता घेऊन शेतात वाकले होते. तुटलेल्या उसाची वर राहिलेली खोडं ते मातीलगत छाटत होते.

"बसा मास्तर," ते म्हणाले. "बुडखे छाटतोय. असेच ठेवले तर वरच्या डोळ्यातनं फुटवा येतो. दिसायला हिरवागार, पण जोर नसतो. मातीबरोबर छाटले की खालच्या डोळ्यातनं येतो, तो खरा."

कोल्हापूर भागातल्या कुणालाही खोडवा समजावून सांगावा लागत नाही. लावणीचा ऊस तुटला की त्याच बुडातून पुन्हा ऊस येतो, तो खोडवा. त्याच्या पुढचा निडवा. बियाणं नको, नांगरट नको. मला तिथं बांधावर बसल्या बसल्या माझा सत्कार आठवला. उपांत्य फेरीचं ते वर्ष माझं नव्हतंच. तो सरांच्या लावणीचा खोडवा होता आणि मी त्याला आपलं पीक समजून नारळ घेऊन आलो होतो.

तसं मी बोलूनही दाखवलं. सर हसले. "खोडव्याला नावं ठेवू नका. नीट राखला तर लावणीच्या बरोबरीनं उतरतो. पण तो फुकट येतो ना, म्हणून कोण बघत नाही त्याच्याकडं. पाचट पेटवायचं, पाणी सोडायचं आणि घरी जायचं. मग नांग्या पडतात, मधे मोकळ्या जागा राहतात. नांग्या वेळेत भरायच्या असतात."

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमच्याकडं चौदाच्या संघाला पोरं नाहीत म्हणताय. ती पोरं पाचवीत कधी होती?"

गणित माझंच होतं, पण मांडलं सरांनी. ती पोरं पाचवीत होती तेव्हा सर शाळेतच होते. शेवटची दोन वर्षं गुडघे साथ देत नव्हते, रविवारचं मैदान कधी व्हायचं, कधी नाही. "त्या दोन वर्षांत करंडक मात्र आला," सर म्हणाले. "त्यामुळं कुणाला दिसलं नाही. मलाही नाही. आणि शेजारी कुणाला उभं केलं नाही मी. तीस वर्षं शिट्टी मलाच वाजवायची होती."

इतकी वर्षं मी त्यांना देव्हाऱ्यात बसवलं होतं आणि त्यांच्याशी झुंजतही होतो. त्या एका वाक्यानं ते माझ्या बांधावर येऊन बसले. माझा दोष त्यामुळं कमी झाला नाही, उरलेला रविवार मी हातानं बंद केला होता. पण घसरण सर गेल्या दिवशी सुरू झाली, हा हिशेबच चुकीचा निघाला. ती करंडक घरात असतानाच सुरू झाली होती. यशाचं हेच वाईट असतं. ते उशिरा येतं आणि उशिरा जातं, त्यामुळं ज्या वर्षी दिसतं ते त्या वर्षीच्या कामाचं नसतं. आपण मात्र आजच्या माणसाला आजच्या निकालावर तोलतो, कधी शाल देतो, कधी काढून टाकतो.

परत येऊन मी मुख्याध्यापकांना सांगितलं, तीन वर्षं मला करंडकाचं विचारू नका. ते खूश झाले नाहीत, पण दुसरा कुणी शिट्टी घ्यायला तयारही नव्हता. मे महिन्यात घरोघर गेलो. मी सरांसारखा बोलका नाही. चहा घेऊन बहुतेक वेळ गप्पच बसायचो, पण पोरगं साडेसातला घरी पोचेल एवढं सांगून यायचो. सरांचा एक जुना विद्यार्थी शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीनं काम करतो. तो रविवारी यायला लागला. रात्रपाळी करून आलेला असला की गोलखांबाला टेकून डुलक्या घेतो, पण पोरांना तो आलेला पुरतो. सरावाची शिट्टी नववीच्या पोरांकडं आळीपाळीनं देतो. पहिले काही महिने त्यांनी ती नुसती वाजवण्यासाठी वाजवली.

सरांनाही बोलावलं होतं. ते नको म्हणाले. "मी आलो की पोरं माझ्याकडं बघतील." लाडूसर थांबला ते बरोबर की सर आले नाहीत ते, याचा निवाडा मला करता आलेला नाही. बहुधा ते येण्या-न येण्यापेक्षा, शेजारी आधी कोण उभं होतं यावर ठरत असावं.

करंडक अजून आलेला नाही. यंदा चौदा वर्षांखालचा संघ पहिला सामना जिंकला आणि दुसरा तीन गोलनी हरला. न्हावी अजून कात्री थांबवतो.

गेल्या रविवारी उत्तरपत्रिका तपासण्यात मला उशीर झाला. मैदानावर पोचलो तर दगड मांडून झाले होते, खेळ रंगात होता आणि फाउंड्रीवालाही आलेला नव्हता. चेंडू आत गेला की दगडावरून गेला, यावर जोरदार भांडण चाललेलं. मी सोडवायला निघालो आणि भिंतीशीच थांबलो. मिनिटभर कालवा झाला. मग सहावीतल्या एका पोरानं चेंडू उचलला, पाचवीतल्या गोलकीपरच्या हातात दिला आणि म्हणाला, "मार, न्हाई धरला."

खेळ पुढं सुरू झाला. माझ्याकडं कुणी पाहिलं नव्हतं.