अटकेची उघडी वही

अमेरिकेत अमुक माणसाला काल रात्री अटक झाली का, हे शोधायला ओळखीचा पोलीस लागत नाही, वकील लागत नाही, अर्जही करावा लागत नाही. ज्या काउंटीत तो पकडला गेला असेल तिच्या शेरिफच्या संकेतस्थळावर जायचं आणि आडनाव टाकायचं. पुष्कळ ठिकाणी एवढ्यावर काम भागतं. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत आणि बहुतेक राज्यांत शेरिफ लोकांच्या मतांवर निवडून येतो. (शेरिफ मुंबईलाही असतो, पण आपले नगरपाल समारंभापुरते, त्यांच्या हाती ना बेडी, ना किल्ली.) काउंटीचा तुरुंग सहसा या शेरिफच्या ताब्यात असतो. मोठ्या शिक्षा झालेल्यांसाठी राज्यांचे वेगळे तुरुंग आहेत. काउंटीच्या तुरुंगात भरणा कच्च्या कैद्यांचा. २०२२च्या मध्यावर देशभरातल्या अशा तुरुंगांत सुमारे ६ लाख ६३ हजार माणसं होती आणि त्यांतल्या दहापैकी सात जणांवरचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. यादीत नाव शोधणाऱ्याने हे आधी गाठीला बांधलेलं बरं.

नोंद उघडली की पहिला दिसतो तो फोटो. मागे राखाडी भिंत, चेहऱ्यावर सपाट उजेड, केस विस्कटलेले, डोळे बहुधा झोप न झालेले. खाली वय, फूट-इंचांत उंची, पौंडांत वजन, केसांचा आणि डोळ्यांचा रंग. मग दाखल केल्याची तारीख आणि वेळ, अटक करणारं खातं, कलमाचा क्रमांक, त्यापुढे गुन्ह्याचं तुटक वर्णन आणि जामिनाची रक्कम. फोटोची ही शिस्त १८८०च्या दशकात पॅरिसच्या पोलिसांत काम करणाऱ्या आल्फोन्स बर्तियोंने घालून दिली. पूर्वी पकडलेला माणूस नाव बदलून पुन्हा आला तर ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे फोटो पोलिसांच्या कपाटासाठी होता, शेजाऱ्यांसाठी नव्हता.

एवढ्या सगळ्या रकान्यांत एक मात्र सहसा नसतो: पुढे काय झालं. यात शेरिफची लबाडी नाही, तो त्याचा विषयच नाही. सरकारी वकिलाने आरोप ठेवला की सोडून दिला, खटला उभा राहिला की नाही, निकाल काय लागला, ही माहिती न्यायालयाच्या कारकुनाकडे असते. कार्यालय वेगळं, संकेतस्थळ वेगळं, बहुधा क्रमांकही वेगळा. शोधणारा पहिल्याच खिडकीवरून परत फिरतो, कारण त्याला जे हवं होतं ते त्याला मिळालेलं असतं. फोटो बघितल्यावर कारकुनाकडे जाणारे किती असतील याबद्दल मी फार आशावादी नाही.

तरीही ही वही उघडी असावी असंच मला वाटतं. माणूस घरातून उचलला जातो आणि तो कुठे आहे हे कुणी सांगत नाही, याइतकं भयंकर दुसरं काही राज्ययंत्रणा करू शकत नाही. तो आमच्याकडे आहे, अमुक वाजता आणला, अमुक आरोपाखाली ठेवला, हे बोलायला लावणारी नोंद म्हणजे ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्यावरचा पहारा. तो पहारा कैद्याच्या आईसाठी आहे, वकिलासाठी आहे, कोठडीतल्या मृत्यूची बातमी खणून काढणाऱ्या वार्ताहरासाठी आहे.

केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराने, म्हणजे जेफरसन काउंटीने, या वहीच्या दोन्ही बाजू भोगल्या आहेत. १९९३च्या डिसेंबरात तिथे एका तरुणीचा तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला खून झाला. मारणारा तिचा पूर्वीचा मित्र. तिच्यावरच्याच अत्याचारासाठी तो तुरुंगात होता आणि जामिनावर सुटला होता. तो सुटला हे तिला कुणी कळवलं नाही. पुढच्या वर्षी याच काउंटीत कैदी सुटताच पीडिताला आपोआप फोन जाईल अशी यंत्रणा सुरू झाली आणि नंतर ती बहुतेक राज्यांत पसरली. तुरुंगात कोण आहे आणि कोण बाहेर पडलं, हे कळणं कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न असू शकतं. वही बंद करा म्हणणाऱ्यांनी ही मुलगी आठवावी.

पण याच शहरात त्याआधी वीस-एक वर्षं आणखी एक प्रकरण घडलं होतं. १९७२च्या नाताळाच्या तोंडावर पोलिसांनी दुकानदारांना सावध करण्यासाठी पाच पानांचं पत्रक काढून सुमारे ८०० जणांना वाटलं. वर मथळा ‘सक्रिय दुकानचोर’, खाली फोटो आणि नावं. त्यांतला एक जण स्थानिक वृत्तपत्राचा छायाचित्रकार. त्याला आदल्या वर्षी दुकानातल्या चोरीच्या आरोपावरून अटक झाली होती, त्याने गुन्हा नाकबूल केला होता आणि निकाल काहीच लागला नव्हता. पत्रक निघाल्यावर थोड्याच दिवसांत आरोप काढून टाकण्यात आला. साहेबाने त्याला बोलावून नोकरी जाणार नाही म्हणून सांगितलं, वर पुन्हा असं काही घडू देऊ नकोस ही तंबीही दिली. घडलं काय होतं? अटक. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७६ साली निकाल लागला: सरकारी कृतीने नुसती अब्रू गेली, एवढ्याने राज्यघटनेने दिलेल्या हक्काचा भंग होत नाही. हा निकाल मला कधीच पटलेला नाही. अब्रू गेली की नोकरी, भाड्याचं घर, लग्नाची बोलणी हे सगळं तिच्या मागोमाग जातं. न्यायमूर्तींना हे ठाऊक नसेल असं कसं म्हणावं?

तेव्हा पत्रकं ८०० होती आणि कागदाची होती. नाताळ सरल्यावर ती रद्दीत गेली असतील. इंटरनेट आल्यावर रद्दी ही सोयच राहिली नाही. शेरिफांच्या याद्यांवरून फोटो उचलून आपल्या पानांवर लावायचे आणि काढून टाकण्यासाठी त्याच माणसांकडून पैसे घ्यायचे, असा धंदाच उभा राहिला. २०१८मध्ये कॅलिफोर्नियाने अशा एका संकेतस्थळाच्या चालकांवर खंडणीचा गुन्हा दाखल केला. पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीने तर स्वतःच २००८ साली जुन्या नोंदींसकट शोधयंत्र खुलं केलं. त्यात १९९८ला अटक झालेला, आणि ज्याची नोंद पुसून टाकण्याचा आदेश न्यायालयाने दिला होता, असा माणूसही सापडू लागला. त्याने यादीतल्या इतरांच्याही वतीने दावा लावला आणि २०१९मध्ये ज्यूरीने ६६,७९९ जणांना प्रत्येकी १,००० डॉलर दंडात्मक भरपाई ठरवली. अॅरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत शेरिफच्या संकेतस्थळावर अटकेतल्यांचे फोटो साधारण तीन दिवस झळकत. अपील न्यायालयाने २०२४मध्ये म्हटलं की खटल्याआधीच असे फोटो लावणं ही शिक्षा ठरू शकते आणि त्याविरुद्धचा दावा पुढे चालू द्या. युटाने २०२१मध्येच, काही अपवाद सोडता, दोष सिद्ध होईपर्यंत फोटो न देण्याचा कायदा केला. वारं फिरतंय, पण राज्याराज्यांत वेगवेगळ्या वेगाने.

आपल्या माणसांनाही याची झळ लागते. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये नोकरी करणारा कुणी पार्टीहून परतताना दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपात सापडला आणि पुढे खटला उभाच राहिला नाही, तरी व्हिसाच्या अर्जावरचा प्रश्न अटकेबद्दलही विचारतो, फक्त शिक्षेबद्दल नाही. नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. आणि त्याआधी ती नोंद इथल्या कुणा नातेवाइकाच्या मोबाइलवर पोहोचलेली असते. अशा बाबतीत आपण तत्पर.

माझं म्हणणं साधं आहे. वहीतली नोंद कोठडीच्या मापाची असावी. माणूस आत आहे तोवर ती दारावर टांगलेली असू द्या. तो बाहेर पडला आणि गुन्हा शाबीत झालेला नाही, की ती कपाटात ठेवा. जाळू नका, कारण पोलीस कोणत्या वस्तीतून कोणाला उचलतात हे पडताळायला ती लागणार आहे; पण ज्याला हवी त्याने खिडकीवर येऊन कारण सांगून मागावी. पूर्वी नोंदी उघड्याच असत, पण त्या बघायला कचेरीपर्यंत पाय झिजवावे लागत. तेवढ्या तसदीने रिकामटेकडं कुतूहल आपोआप गळून पडत असे. वार्ताहरांचा याला विरोध असतो आणि त्यात तथ्य आहे: खिडकीवरचा माणूस कारण पुरेसं नाही असं कधीही म्हणू शकतो. त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मात्र फोटो आणि वजन यांवाचून त्यांचं काय अडतं, हे मला समजलेलं नाही.

शेरिफच्या पानावर अटक झालेल्याचे डोळे कोणत्या रंगाचे हे कळतं. अटक करणाऱ्याच्या खात्याचं नाव असलं तरी त्याचं स्वतःचं नाव शोधूनही सापडत नाही, असं कितीदा तरी होतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली अटकेची माहिती नियंत्रण कक्षाच्या फलकावर लावायला सांगितली, ती कोठडीतल्या मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-सी आलं. त्यात जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेर अटक झालेल्यांची नावं-पत्ते आणि त्यांच्या बरोबरीने अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा लावण्याची सक्ती होती. १ जुलै २०२४पासून त्या संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ३७व्या कलमात अटकेची माहिती डिजिटल स्वरूपातही झळकवण्याची सोय आहे. अटक झालेल्याचं नाव, पत्ता, गुन्ह्याचं स्वरूप, सगळं त्यात आहे. अधिकाऱ्याचं नाव झळकवायचा उल्लेख त्यातून गेला आहे.