पेट्रोलचा राग कोणासाठी?

नोव्हेंबर 1973. पश्चिम आशियातल्या युद्धानंतर अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला होता आणि भारतात पेट्रोलचे भाव एकदम चढले होते. संसदेच्या अधिवेशनाला जनसंघाचे नेते अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून गेले. त्या निषेधाची दखल परदेशी वर्तमानपत्रांतही घेतली गेली. पुढे वाजपेयी पंतप्रधान असताना, 1 नोव्हेंबर 2000 रोजी, छत्तीसगड राज्य जन्माला आले. 2018 मध्ये त्यांच्या निधनानंतर राज्याच्या नव्या राजधानीला, म्हणजे नव्या रायपूरला, अटल नगर हे नाव मिळाले.

बैलगाडीतून संसदेत गेलेल्या नेत्याचे नाव असलेल्या या शहरात गाडीवाचून पान हलत नाही. मंत्रालयाचे महानदी भवन जुन्या रायपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. 2012 मध्ये सचिवालय तिकडे गेले, त्यामागोमाग संचालनालयांची कार्यालये इंद्रावती भवनात गेली. माणसे मात्र मोठ्या संख्येने जुन्या गावातच राहिली. मुलांच्या शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांचे डॉक्टर, भाजीचा नेहमीचा ठेला, गणेशोत्सवाचे मंडळ, सगळे इकडे. नोकरी तेवढी तिकडे. सकाळी तेलीबांधा ओलांडून निघालेली दुचाक्यांची रांग संध्याकाळी त्याच रस्त्याने परत येते. त्यामुळे पेट्रोल वाढले की इथल्या घरांत त्याची चर्चा महागाईची म्हणून होत नाही, पगाराची म्हणून होते.

हा राग खोटा नाही. त्याला कारणे आहेत आणि ती नीट समजून घ्यायला हवीत, कारण न समजता केलेला राग पहिल्या भेटलेल्या माणसावर निघतो. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलाच्या पाचांतल्या चार भागांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो, त्यामुळे आखातात ठिणगी पडली की झळ इथे लागते. पण सगळीच झळ आखाताची नसते. एप्रिल 2020 मध्ये जगात तेल मातीमोल झाले होते. अमेरिकेच्या बाजारात तर एका दिवशी वायद्याचा भाव शून्याखाली गेला. त्या स्वस्ताईचा फायदा पंपावर पोहोचला नाही. केंद्राने मे 2020 मध्ये पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे 10 रुपयांनी आणि डिझेलवरचे 13 रुपयांनी वाढवले. पेट्रोलवरचा हा केंद्रीय कर 33 रुपयांच्या जवळ जाऊन बसला. नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये तो कमी झाला हेही खरे. पण तोवर पेट्रोलची शंभरी ओलांडून झाली होती.

राज्यांचे हात केंद्राहून फार स्वच्छ आहेत असे नाही. केंद्राचे शुल्क लिटरमागे ठरलेल्या रुपयांत असते; राज्याचा व्हॅट बहुतेक ठिकाणी टक्क्यांत असतो आणि तो केंद्राचे शुल्क धरून होणाऱ्या किमतीवर लागतो. म्हणजे कराच्या रकमेवरही कर. दर चढला की राज्याची मिळकत आपोआप चढते, त्यासाठी विधानसभेत कोणाला उठून बोलावे लागत नाही. छत्तीसगडमध्ये 2021 च्या नोव्हेंबरात काँग्रेसच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट एका टक्क्याने आणि डिझेलवरचा दोन टक्क्यांनी उतरवला. 2025 च्या अर्थसंकल्पात भाजपच्या सरकारने पेट्रोल लिटरमागे एक रुपयाने स्वस्त केले. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणण्याचा विषय सप्टेंबर 2021 मध्ये जीएसटी परिषदेच्या लखनौच्या बैठकीत निघाला आणि तिथेच मिटला. उत्पन्नाची ही विहीर दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला कोणत्याच रंगाचे राज्य तयार नव्हते.

आणखी एक गोष्ट मला कराहून अधिक खटकते. जून 2017 पासून दर रोज बदलतात, ते बाजार ठरवतो, असे आपल्याला सांगितले जाते. पण नोव्हेंबर 2021 पासून साडेचार महिने बाजार गप्प राहिला. मध्ये उत्तर प्रदेश, पंजाब आणि इतर राज्यांच्या निवडणुका होऊन गेल्या. मग 22 मार्च 2022 पासून सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ झाली आणि लिटरमागे दहा रुपये चढले. महागाई सोसायला लोक तयार होतात. कोण ठरवतो हे लपवले गेले की मात्र विश्वास तुटतो.

इथवर बहुतेक वाचक मान डोलावतील. पेट्रोलच्या दराबाबत आपण सगळेच विरोधी पक्षात असतो. आता अवघड भागाकडे वळू.

एक साधा हिशेब मांडून पाहा. इंद्रावती भवनात झाडलोट करणारा, कंत्राटावरचा एखादा माणूस रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर दुचाकी चालवतो असे धरू. रोजचे लिटरभर, महिन्याला पंचवीस लिटर. दर दहा रुपयांनी वाढला तर त्याचे अडीचशे रुपये गेले. त्याच कार्यालयातला पक्क्या नोकरीचा बाबू एकट्याने चारचाकी आणतो. त्याचे महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी लिटर जळते, म्हणजे जास्तीचे आठशेहून थोडे अधिक. आणि ज्यांच्या सहीने धोरण ठरते त्या साहेबांना सरकारी गाडी आहे. त्यांचे शून्य रुपये गेले. आकड्याने सर्वांत मोठा फटका मधल्याला बसला. तरी हातातोंडाची गाठ सुटली ती पहिल्याची. बारा हजारांत घर चालवणाऱ्याचे अडीचशे म्हणजे गॅस सिलिंडरचा एक मोठा हिस्सा, किंवा मुलीच्या शिकवणीची फी. मधला माणूस सर्वांत जास्त बोलतो, कारण त्याच्याकडे बोलायला वेळ आणि मोबाइल दोन्ही आहेत. साहेबांना दर माहीतच नसतो. पहिला माणूस बोलत नाही. तो पुढच्या आठवड्यात पन्नास रुपयांचे कमी टाकतो आणि उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडतो, जे धोक्याचे आहे.

पेट्रोलचा दर सगळ्यांना सारखा असतो आणि म्हणूनच तो न्याय्य नसतो. ही गोष्ट एकदा मान्य केली की आपले कर्तव्यही दोन भागांत सरळ विभागते. ज्याच्यापाशी पर्याय आहे त्याने तो वापरावा. ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी बोलावे. आपण नेमके उलटे करतो. पर्याय असूनही वापरत नाही आणि बोलतो फक्त आपल्यासाठी.

पर्यायांचेच घ्या. रायपुरातून धमतरीकडे 1900 साली एक नॅरोगेज रेल्वे सुरू झाली होती. गावाच्या मधोमध, तेलीबांध्यावरून, मान्यावरून, केंद्री-अभनपूरकडे जाणारी ही छोटी गाडी भाजीवाल्यांची, दूधवाल्यांची, रोजंदारीवर येणाऱ्यांची होती. 2017 मध्ये तिचे शहरातले रूळ उखडले आणि त्या जागेवर एक्सप्रेसवे झाला. गरिबांची वाट काढून गाडीवाल्यांची वाट रुंद केली, असे म्हटले तर ते फार कठोर होईल; रेल्वे संथ होती, फाटकांवर रोज गर्दी तुंबायची, हेही खरे होते. पण त्या दिवशी आपल्यापैकी किती जणांना काही हरवल्यासारखे वाटले? रस्ता गुळगुळीत झाला याचा आनंदच अधिक होता. आज पेट्रोलचे बिल पाहून कपाळावर हात मारताना त्या आनंदाचाही थोडा हिशेब मांडायला हवा. ज्या शहरात प्रत्येक किलोमीटर स्वतःच्या इंजिनाने कापावा लागतो, ते शहर आपल्या संमतीने तसे झालेले असते.

चांगली बातमी अशी की रूळ दुसऱ्या वाटेने परत आले. 30 मार्च 2025 रोजी रायपूर-अभनपूर मेमू रेल्वेगाडी सुरू झाली. मंदिर हसौदवरून नव्या रायपुरातून ती जाते, भाडे दहा रुपयांच्या घरातले आहे, आणि त्याच वर्षी ती राजिमपर्यंत पुढे गेली. 2016 पासून बीआरटीएस या जलद बससेवेच्या बसही आहेत. अडचणी आहेत. फेऱ्या मोजक्या, स्टेशनपासून कार्यालयापर्यंतची शेवटची वाट लांब, उन्हाळ्यातले चव्वेचाळीस अंशांचे ऊन. पण रिकामी धावणारी गाडी हळूहळू कमी होत होत बंद पडते, आणि भरलेल्या गाडीच्या फेऱ्या वाढाव्यात म्हणून मागणी करता येते. आठवड्यातून दोन दिवस जरी पर्याय असलेल्याने मेमू किंवा बस धरली, तर तो पैसे वाचवतोच, शिवाय ज्याला तीच गाडी परवडते त्याची गाडी टिकवतो. एरवी बचतीला आपण काटकसर म्हणतो. इथे ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

गाडी चालवायचीच असेल तर तिच्यात माणसे असू द्यावीत. एका वसाहतीतून एकाच इमारतीत जाणाऱ्या चार गाड्यांत चार माणसे, हे दृश्य चौबे कॉलनीपासून शंकरनगरपर्यंत सगळीकडे दिसते. रायपूरच्या मराठी समाजाला सहकार नवा नाही. वामनराव लाखे यांनी 1913 मध्ये इथे सहकारी बँक उभी केली, ती शेतकऱ्याला सावकाराच्या एकट्या दारात उभे राहावे लागू नये म्हणून. पंपावरही आपण एकेकटे उभे असतो. चार शेजाऱ्यांनी आळीपाळीने गाडी काढली तर पेट्रोल पाव होते. त्यासाठी लागतो तो दहा मिनिटे वाट पाहण्याचा संयम आणि दुसऱ्याच्या आवडीची गाणी ऐकण्याची तयारी. खरी अडचण पैशाची नाही, अहंकाराची आहे. म्हणूनच हा चिंतनाचा विषय आहे.

वेगाचेही तसेच. नव्या रायपूरचे सहापदरी रस्ते पायाला भुरळ घालतात. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि पेट्रोलियम मंत्रालयाच्या इंधनबचत संस्थेचा सल्ला कित्येक वर्षे तोच आहे: ताशी 45 ते 55 किलोमीटर, चाकांत पुरेशी हवा, लांब सिग्नलला इंजिन बंद. शंभराच्या वेगाने जाऊन पेट्रोलच्या भावाबद्दल संतापणाऱ्या माणसाने निम्मा संताप स्वतःवरच करायला हवा. सावकाश चालवण्यात पेट्रोल वाचते आणि रस्ता ओलांडणाऱ्या गावकऱ्याचा जीवही. राजधानीसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांतली माणसे आजही हेच रस्ते पायी ओलांडतात.

आता पंपावरच्या वागण्याबद्दल. ‘मीटर झिरो बघा’ म्हणणारा पोरगा दर ठरवत नाही. दहा-बारा तास उन्हात आणि पेट्रोलच्या वासात उभा राहून तो जो पगार घेतो, त्यात त्यालाही हेच पेट्रोल भरून घरी जायचे असते. मापाबद्दल शंका असेल तर पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते, ते मागून तपासण्याचा हक्क ग्राहकाला आहे. हक्क वापरावा, आवाज चढवू नये. संताप जिथे पोहोचायला हवा तिथे पोहोचत नाही म्हणून जवळच्यावर काढणे, हा भित्रेपणा आहे, मग तो कितीही न्याय्य कारणाने सुरू झालेला असो.

आणि सर्वांत शेवटचा, सर्वांत अवघड भाग स्वतःच्या घरातला. आपण महागाई भत्ता मागतो, तो मिळतोही. मग आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचे, दूध टाकणाऱ्या भाऊंचे, घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलाचे काय? पेट्रोल दहा रुपयांनी वाढले तेव्हा यांच्या पैशात आपण किती वाढवले? ऑटोवाल्याने दहा रुपये जास्त मागितले तर आपण लूट म्हणतो. आपला पगार वाढला नाही तर अन्याय म्हणतो. सरकारने कर कमी करून भार उचलावा ही आपली मागणी रास्त आहे. तोच भार आपल्याखालच्या माणसावर ढकलून आपण मोकळे झालो, तर मग सरकारला आपण कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

म्हणून पुढच्या दरवाढीला तीन कामे करता येतील. लोकप्रतिनिधीला पत्र लिहून विचारावे की दर वाढल्यावर राज्याची जादा मिळकत किती झाली आणि त्यातले किती मेमूच्या फेऱ्यांवर, स्टेशनापासून कार्यालयापर्यंतच्या बसवर खर्च होणार. घरात येणाऱ्या कष्टकऱ्यांच्या पैशात, त्यांनी मागण्याआधी, वाढ करावी. आणि स्वतःच्या गाडीतली एक तरी रिकामी जागा भरावी. यांपैकी पहिले काम करायला धैर्य लागते, दुसरे करायला थोडे पैसे, तिसरे करायला जरा मोठे मन. ही तिन्ही केल्यावरही राग उरला, तर तो जरूर जाहीरपणे बोलावा. तोवर आपण इतरांसाठीही काही केलेले असेल, आणि ऐकणाऱ्यालाही त्या रागाचे वजन मान्य करावे लागेल.