पाटी आणि लाल झेंडा

तळेगाव दाभाड्यातून स्पेनला किंवा मेक्सिकोला जाणं आता अप्रूपाचं राहिलेलं नाही. कारखान्यांतले अभियंते कामासाठी जातात, मुलं शिकायला जातात आणि त्यांच्यामागून आईवडीलही. घरात जोरदार तयारी होते. ग्रामदैवत डोळसनाथाला नारळ वाढवला जातो, चिवडा-मेतकुटाच्या पिशव्या वजनकाट्यावर चढतात. बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपात बंदी असली तरी पेढेही कोपऱ्यात बसतात. विम्याच्या कागदांवर मात्र न वाचताच सही होते. ‘एजंट बघेल!’

काळजी विचारावी तर उत्तर ठरलेलं: ‘तिथली भाषा येत नाही हो.’ ही सबब मला पटत नाही. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जीव गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३० जूनला, लोणावळ्यात भुशी धरणालगतच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. धोकादायक पूल वेळेत न बदलणं हा प्रशासनाचा दोष, तो पाटी लावल्याने पुसला जात नाही. पण पुलापाशी धोक्याची पाटी होती आणि ती वाचायला परकी भाषा शिकावी लागत नव्हती, हेही तितकंच खरं. स्पेनच्या किनाऱ्यावर लाल झेंडा लागला की पाण्यात उतरायला मनाई असते. तो समजायला स्पॅनिश लागत नाही. लागते ती इशारा मानायची सवय, आणि तीच आपण घरी लावून घेतलेली नाही. ही पहिली खोड.

दुसरी खोड लपवाछपवीची. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. हप्ता वाढेल म्हणून वडिलांचा मधुमेह अर्जात लिहायचाच नाही, ही बचत नव्हे. परक्या गावात दवाखान्याचं बिल हातात पडल्यावर विमा कंपनी त्याच अर्जाकडे बोट दाखवते.

हीच लपवाछपवी लसीच्या दाखल्यातही चालते. पेरू, कोलंबिया, इक्वेडोर, बोलिव्हिया इथून परतणाऱ्याला भारतात पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला दाखवावा लागतो. लस टोचल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो. न टोचता दाखला मिळवून देतो म्हणणारे भेटले, तर त्यांना दारातूनच परत पाठवा. हा आजार भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, डेंग्यूचा तोच, आपल्या कुंड्यांत नांदतो आहे. खोटा दाखला आणणारा स्वतःपुरता नव्हे, साऱ्या गावाशी खेळतो.

तिसरी खोड लाजेची. बार्सिलोनाच्या रांब्ला रस्त्यावर पाकीटमार टपलेले असतात. पासपोर्ट गेला की आपली माणसं ‘लोक हसतील’ म्हणून गप्प बसतात. चोरी होण्यात लाज कसली? पोलिसांत तक्रार नोंदवा, तिची प्रत घ्या आणि भारतीय दूतावास गाठा. त्या प्रतीशिवाय विम्याचा दावाही अडतो.

म्हणून निघण्याआधी एक संध्याकाळ साऱ्या घराने एकत्र बसावं. विमा वाचावा, अर्जात खरं तेच लिहावं. स्पेनचा ११२, मेक्सिकोचा ९११ हे तातडीचे क्रमांक आणि दूतावासाचा फोन कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावा. आणि परदेशवारी पुढच्या वर्षी असली, तरी सराव याच पावसाळ्यात सुरू करावा: बंदीची पाटी दिसली की मुलाबाळांना घेऊन तिथूनच माघारी फिरावं.